रकाना : इतर

तीन आठवड्यांचा कोर्स होता त्यांचा.
पाच मुली, एक मुलगा, ऊन न सोसणारे एक सर,
आणि दिवसाला सहाशे रुपयांवर मी,
तेलुगूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत
माणसं उचलून ठेवणारी.

विडी घरकुलात मे संपत आला होता.
दुपारी तीनला पत्रे कडकड वाजतात,
कुणी दगड न मारता.
मारेननं विचारलं, हे काय?
मी म्हटलं, ऊन.
तिनं लिहून घेतलं.

नरसम्मा येमूल उंबऱ्यात,
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा.
प्रश्न अकरा : दिवसातून किती वेळा हात धुता?
त्यांची बोटं थांबली नाहीत.
पाणी पाचव्या दिवशी येतं, म्हणाल्या,
तिला विचार, कुठल्या दिवसाचे हात सांगू?
मी इंग्रजीत म्हटलं : कधी कधी.

प्रश्न सतरा त्यांच्या नवऱ्याला.
राजमल्लू, टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्षं,
भुवयांत अजून कापूस.
ते मराठीत बोलतात, मागावर शिकलेलं मराठी.
म्हणाले, दम लागतंय.
हे सोपं होतं. चौकटीत टिक.
मग म्हणाले, मालक लई दम द्यायचा.
मग, दम धरला की, पोरीचं लग्न होईतो.
मग हसले, आता कशातच दम नाही बघा,
आणि खोकला आला
आणि पुढचं वाक्य खोकल्यानं खाल्लं.
मारेन पेन धरून माझ्याकडे बघत राहिली.
माझ्या इंग्रजीत एकच टिक होती,
ती तर मी आधीच खर्चली होती.

तिनं त्यांना एक नळी फुंकायला दिली.
काटा एकशे साठवर थांबला.
गल्लीतली पोरं लगेच रांगेत,
गड्ड्यातला पाळणा आल्यासारखी.

काय लिवलालीय ही एवढं?
नरसम्मांनी सूप खाली ठेवलं.
हिच्या गावात पाणी किती दिवसांनी येतं?
रोज, मी सांगितलं. नळ फिरवला की.
त्या बराच वेळ गप्प.
मग विचारलं,
मग बायका भेटतात कधी?

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.
मारेननं फॉर्म उलटला, पालटला,
अगदी खाली एक रकाना सापडला : इतर.
त्यात तिनं काहीच लिहिलं नाही.
टोपण लावलं पेनाला.
म्हणाली, आमच्या मजल्यावर सोळा घरं आहेत,
मला एकाही बाईचं नाव माहीत नाही.
हे तेलुगूत सांगायला नको होतं मी, बहुतेक.
नरसम्मा आत गेल्या
आणि कडक भाकरी, शेंगाचटणी कागदात बांधून आणली,
आजाऱ्याला बघायला जाताना नेतात तशी.

नोव्हेंबरात अहवाल आला. अडतीस पानं.
शेवटच्या पानावर माझे आभार,
भाग्यलक्ष्मी म्याकलचं झालेलं भाग्या मायकल.
बाविसाव्या पानावर एक निळा खांब :
हात धुणे, कधी कधी, एकसष्ट टक्के.
त्या खांबाला टेकून
मी बराच वेळ बसले.
तो सगळा माझा होता.

नळी ती विसरून गेली, की ठेवून, कोण जाणे.
एका रात्री फुंकून पाहिली.
तीनशे दहा.
लिहायला फॉर्म नव्हता, म्हणून कॅलेंडरवर लिहिलं,
पाण्याच्या दिवसांभोवती गोल काढलेत ना,
त्यातल्या एका गोलाच्या शेजारी,
दुधाच्या खाड्यांच्या वर.

पहाटे तीनला हाक आली,
नीळ्ळोच्चिनय, नीळ्ळोच्चिनय,
पाणी आलंय, आणि दारं उघडत गेली.
पिंपं, घागरी, पाईप, केस न विंचरलेल्या सगळ्याजणी,
कुणाची सून कुठल्या दवाखान्यात,
कुणाच्या विड्या किती छाट निघाल्या.
राजमल्लू एकटेच मोटर उचलून आणत होते,
पोटाशी धरून, पायरीपायरीला थांबत.
मी घागर खाली ठेवली,
दुसऱ्या बाजूनं हात घातला.
म्हटलं, मामा,
दम खा जरा.