नोजपॅड

कुमठेकर रस्त्यावरच्या दुकानात
एकतीस वर्षं मी लोकांची नाकं बघतोय.
डोळे डॉक्टर तपासतात,
माझ्याकडे येतं ते नाक.
बसकं, धारदार, घामट,
एखादं तर गिऱ्हाइकाच्या आधी आत शिरणारं.
फ्रेम कुठे घसरेल
ते मला हात न लावता कळतं.

मृण्मयीचं पाठच होतं.
मधल्या हाडावर उंचवटा, हरभऱ्याएवढा,
माझ्यासारखा. माझ्या वडिलांसारखा.
सातव्या वर्षी तिला पहिला चष्मा लागला
तेव्हा पक्कड न घेता
अंगठ्यानंच वाकवले होते नोजपॅड,
आधी माझ्या नाकावर माप घेऊन.

"घराण्याचं नाक," म्हणायचो मी चारचौघांत.
तेव्हा तिच्याकडे कधी बघितलं नाही.

प्रभात रोडच्या दवाखान्यात
सर्जननं पडद्यावर तिची उजवी बाजू उघडली,
माउस सरकवला
आणि उंचवटा गेला,
मी काउंटरवरचा डाग पुसतो तसा.
"हाड घासायचं, कूर्चा थोडी कापायची.
टोकाची सूज उतरायला वर्ष जाईल.
श्वासाला त्रास होतो का?"
"श्वासाला नाही," ती म्हणाली.
मग कशाला, हे त्यानं विचारलं नाही.
मीही नाही.
पैसे तिचे होते.
घरी बायको म्हणाली, "लोक काय..."
आणि नाक मुरडता मुरडता थांबली.

सहा आठवडे नाकावर वजन नको.
मी फ्रेमला दोरा बांधला,
कपाळावर चिकटपट्टी लावून टांगली.
डोळ्यांखाली जांभळं, वरचा ओठ ताठ.
"बाबा, हसवू नका ना."
मी काही बोललोही नव्हतो.

मागच्या मंगळवारी दुकानात आली,
काउंटरच्या पलीकडे बसली, गिऱ्हाइकासारखी.
जुनी फ्रेम लावली तर
सरळ खाली.
अडायला काही नव्हतंच तिथे.
मी पक्कड घेतली, पॅड जवळ आणले,
आणखी जवळ,
सवयीनं माझ्या नाकावर माप घ्यायला गेलो
आणि हात तसाच खाली आला.

"सरळ बघ. नाकासमोर."
तिनं बघितलं, माझ्याकडेच.

दहावीचा एक ग्रुप फोटो आहे घरी.
सगळ्या मुली हसतायत,
ही तळहात चेहऱ्यापुढे धरून उभी.
ऊन लागत असेल, असं मला वाटायचं.

"टोचतंय कुठे?"
"डावीकडे. थोडंसं."
मी अर्धा मिलिमीटर सोडला.
"सूज उतरली की परत ये," म्हटलं,
"तेव्हा पुन्हा बघू."