कानाशी

शेडमधे ओरडून बोललेलं पोचत नाही.
सोळा मागांचा खडखडाट,
हाक तोंडातून निघते नि ताण्यातच अडकते.
म्हणून आम्ही तोंड कानाला लावतो.
धागा तुटला, चहा आला, मालक आला,
सगळं गालाला गाल लागेस्तोवर जवळ जाऊन.

शुक्रवारी मल्लेशमच्या कानाशी गेलो,
कांड्या संपत आल्यात, एवढंच सांगायला.
त्यानं मान फिरवली.
झटकन.
उघड्या गटारीपाशी फिरवतो तशी.

रात्री चादरीत मोबाईल घेतला.
चादर आम्हीच विणलेली, डाग पडलेला सेकंड माल.
तोंडाला वास का येतो, असं हळू लिहिलं,
जणू अक्षरांनाही येईल.

एक म्हणाला पोट.
दुसरा म्हणाला, पोटाचा काही संबंध नाही.
तिसऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप, मागं स्वयंपाकाचा ओटा,
तो लिव्हर म्हणाला आणि पावडरची किंमत सांगितली.
मी लवंग चघळली, हिरड्यांवर लिंबू चोळलं,
सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडली,
कडक भाकरी नुसत्या ताकात मोडली.
आठ दिवसांत मला तीन रोग झाले.
एकाचं नाव वाचूनच घाम फुटला,
एप्रिल होता, घाम तसाही होताच.

रेणुका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
म्हणलं, जवळ ये, खरं सांग.
ती म्हणाली, "तंबाखूत बसलेल्या नाकाला काय विचारायलाव?
दाताच्या डॉक्टरकडं जावा की."

साखर पेठेत डॉक्टर तंगडगीबाईंनी
आधी मास्क खाली केला,
मग म्हणाल्या, श्वास सोडा.
आणि चक्क वास घेतला.
इतक्या जणांनी इतकं सांगितलं होतं,
नाक पुढं केलेलं हे पहिलं माणूस.
"आहे. थोडा. चार बोटांवर येतो.
मागच्या दाढेला किटण आहे, हिरडी सुजलीय.
जीभ घासता का?"
मी आयुष्यात जीभ घासली नव्हती.
पावडरवाल्याला जेवढे देणार होतो
त्याहून कमी पैसे झाले.

सोमवारी पुन्हा मल्लेशमच्या कानाशी गेलो.
पुन्हा मान फिरली.
या वेळी मी मागं सरलो नाही, बघत राहिलो.
मान फिरवून तो दुसरा कान पुढं करत होता.
पहिल्या कानावर बोट ठेवून त्यानं हात हलवला: गेलाय.
मग माझ्या कानाशी आला.
दिवाळीपासून, म्हणाला. मालकाला बोलू नको.
मोबाईलवर बघून लसणाचं तेल घालायलोय, कोमट करून.
फरक पडंल म्हणतेत.

त्याच्या तोंडालाही वास होता.
विडीचा, उपाशी पोटाचा, शेंगाचटणीचा.

मी त्याच्या चांगल्या कानाशी गेलो,
चार बोटांवर.
तेल बंद कर, म्हणलं.
उद्या एक पाळी खाडा कर.
मी येतो.