तिसाव्या पदापाशी

लास क्रूसेसमध्ये मार्च म्हणजे वारा.
खिडक्यांच्या फटीत वाळू,
ऑर्गन डोंगर दुपारपासून गायब,
आणि आत, काळ्या कापडाआड,
विजेच्या चिमटीत अधांतरी धरलेला
पाणी-ग्लिसरीनचा एक थेंब,
केसाहूनही बारीक.
त्याच्या पोटात काजळीचा कण.

हिरवा लेसर थेंबावर पडतो, विखुरतो.
पडद्यावर पट्टे उमटतात,
उजेड, अंधार, उजेड,
मोजून घ्यावेत असे.

माझं गणित साधं होतं:
गोलात गोल, दोघांचं केंद्र एकच.
दोन महिने आकडे जुळले नाहीत.
पट्टे लुकलुकायचे.
मी त्याला गोंगाट म्हटलं,
यंत्राचा, वायरिंगचा, या मेल्या वाऱ्याचा,
आणि सरासरी काढून त्याला गप्प बसवलं.

डेल्फीना आर्चुलेटा, आमची तंत्रज्ञ,
हिरव्या मिरचीचं सँडविच खाताखाता म्हणाली,
"गोंगाट कसला? तो आत फिरतोय."

खरंच की.
आई रव्याच्या लाडवात अंगठ्यानं बेदाणा दाबायची,
तो कधी मधोमध गेला होता?

मग कण सरकवला. कागदावरच,
त्रिज्येच्या तीन दशांश.
एवढ्याशा सरकण्यानं वही भरली.
एका केंद्राचं म्हणणं
दुसऱ्या केंद्राच्या भाषेत मांडायचं
तर अनंत पदं लागतात.
कुणीही असो, कुठेतरी थांबतंच.
मी तिसाव्या पदापाशी थांबले.
पुढची पदं इतकी बारीक
की गाळली तरी आलेख हलत नाही.
शून्य मात्र ती नसतात.
रात्री गाडी चालवताना
एकतिसावं आठवत राहतं.

समोरून पाहिलं तर थेंब जवळजवळ निर्दोष.
आल्या वाटेनं परत फिरणारा उजेड तेवढा
चुगली करतो
की आत कुणीतरी एका अंगावर झोपलंय.

शुक्रवारी जुळलं. सगळं नाही,
चाळीस सेकंदांचा एक तुकडा,
माझी रेघ आणि त्याची लुकलुक
एकमेकींवर चढलेल्या.
मी डेल्फीनाला हाक मारली.
ती येईपर्यंत पाणी उडून उडून
थेंबाची कड कणाला भिडली होती,
पट्टे फिसकटले,
आणि चिमटीतून सगळंच निसटलं.

तिनं खालची काच टिश्यूनं पुसली,
टिश्यू दिव्यासमोर धरून पाहिला.
काहीच नव्हतं.
"आणखी एक सोडू?"
बाहेर वाऱ्यानं कुणाचंतरी कचऱ्याचं पिंप
रस्ताभर गडगडत नेलं.
"सोड," म्हटलं.