पाच की पूज्य

फॉर्मात तेरा ओळी दिल्यात.
निझवाच्या या प्रयोगशाळेत माझी वर्षं एकोणीस,
म्हणजे काही वर्षांना ओळच नाही.

अनुक्रमांक एक: जबल अख्दरच्या शेळ्या,
कानाचा कर्करोग, ऊन आणि आनुवंशिकता.
दोन: तेच, पण शेळ्या जास्त.
तीन: तेच, पण सहलेखक ऊट्रेख्तचे.
चार लिहिता लिहिता पेन थांबतं.

परभणीला शिकताना सर म्हणायचे,
जनावर बोलत नाही, मालकाला विचारा.
मी विचारलं. सैकच्या पठारावर,
जिथे थंड हवेतसुद्धा ऊन चावतं,
सुलैयम अल-रियामीला विचारलं,
शमसाच्या वंशात किती कानांना गाठ?
वाऱ्यात त्याचं ऐकू येईना,
माझ्या एका हातात सुई, दुसऱ्यात शेळीची मान.
म्हटलं, लिहून ठेवा.
त्याने गोठ्याच्या पत्र्यावर खडूने काढलं
एक गोल.

आमच्याकडे गोल म्हणजे पूज्य.
मी वहीत उतरवलं: निरोगी वंश.
दोन वर्षं त्या पूज्यावर इमले चढवले.
एक जनुक सापडलं, उन्हाला पुरून उरणारं,
निदान आलेखात तरी.
लेख छापून आला. विभागात हलवा वाटला गेला.
कोणीतरी म्हणालं, माणसांच्याही कामी येईल.
मी नाही म्हटलं नाही.

मग एका शुक्रवारी, शेळीबाजारात,
मालक रिंगणात दोर धरून भाव पुकारत होते,
आणि सुलैयमच्या हातात अर्ध्या कानाची पाट.
हिचा कान?
कापला. गाठ होती. बघ, काठावर पुन्हा उगवलीय.
तुला लिहून दिलं होतं की. पाच.

पाच म्हणजे गोल.
त्यांचं पूज्य म्हणजे नुसतं टिंब,
खडूने एकदा टेकवलं की झालं.
इतकी वर्षं पेट्रोलपंपावर, भाजीच्या पाटीवर
रोज वाचत होते मी ते आकडे.
त्या दिवशी पत्र्यापुढे मात्र
माझे डोळे परभणीतच राहिले.
पाचावर धारण बसते म्हणतात,
ती माझी भर बाजारात बसली.

पाट विकत घेतली, पंच्याऐंशी रियाल.
लेखाविभागाने पावती परत पाठवली: हे उपकरण नाही.

लेख मागे घेतला. हलवा कोणी मागे घेत नाही.
वहीत निळ्या पूज्याखाली लाल शाईचा पाच आहे,
आणि तेव्हापासून कानाला खडा,
आकडा अक्षरी लिहायचा, चेकवर लिहितात तसा:
पाच फक्त.

ती पाट मेली त्याला अकरा वर्षं झाली.
तिच्या कानाची चिमूटभर गाठ
फ्लास्कमधल्या गुलाबी पाण्यात अजून वाढते आहे.
मरायचं असतं हेच विसरलेल्या पेशी.
दर तीन दिवसांनी त्यांना खाऊपिऊ घालते
बुशरा अल-हिनाई, माझ्यानंतर ही खोली तिची.
कुप्यांवर ती पाच तीन लिप्यांत लिहिते
आणि माझ्याकडे बघून हसते. हसू दे.

फॉर्मात मागे घेतलेल्या लेखाला रकाना नाही.
तरी तेराव्या ओळीत मी तोच लिहिते.
पुढचा रकाना: किती जणांनी संदर्भ दिला?
बघते तर एकेचाळीस.
माझ्या सगळ्या खऱ्या लेखांपेक्षा जास्त.
गेल्या महिन्यातसुद्धा दोघांनी दिलाय.
मारला तरी वाढतोच आहे,
शेजारच्या खोलीतल्या फ्लास्कसारखा.

त्या दोघांना पत्र लिहायला घेतलंय.
पहिलं वाक्य जमत नाही.
मध्येच सुलैयमला फोन लावला,
यंदा किती कान?
पलीकडे वारा, घंटा, कोणाला तरी हाकारणं.
मग त्याचा आवाज, सावकाश, एकेक शब्द सुटा:
आता सांगणार नाही, दाक्तरीण.
वर ये. स्वतः मोज.