छत्तीस

शाहूपुरीतल्या आमच्या अडतीत
कृष्णात आणि आनंदा. सख्खे भाऊ.
बांधाच्या दोन हात जमिनीवरून
गेल्या दिवाळीपासनं बोलत न्हाईत.
छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच:
तिनाचं तोंड इकडं, सहाचं तिकडं,
पाठीला पाठ.

सकाळी कृष्णातनं किलोच्या ढेपा
भिंतीशी रचल्या.
खाली आठ, वर सात, मग सहा,
असं करत टोकाला एकटी एक,
तिच्यावर माशी.
दुपारी आनंदानं सगळ्या उतरवल्या,
ताडपत्रीवर मांडल्या.
सहा ओळी, ओळीत सहा.
कोपरासुद्धा हलला नाही.

मी चोपडीत दोन्ही वेळा ३६ लिहिलं
आणि पेन थांबलं.
त्रिकोणात बसतो त्यानं चौकोनातही बसावं,
किती आकड्यांना जमतं हे?
ह्याच्या आधी नुसता एक.
तो एकटा, कुणाशी भांडणार?
आणि पुढं बघायला जावं
तर थेट बाराशे पंचवीस.
एवढ्या ढेपा हल्ली
आमच्या दारात उतरत नाहीत.

दिवेलागणीला कसबा बावड्याची एक बाई
चहापुरती म्हणून एक घेऊन गेली.
पस्तीस.
कृष्णातनं रचून बघितलं, टोक येईना.
आनंदानं मांडून बघितलं, एक कोपरा रिकामा.
गुळानं चिकट झालेले चार हात
त्या एका ढेपेएवढ्या जागेवर थांबले.

"कुणाला दिलीस रं?"

कोण कुणाला म्हणालं, बघितलं नाही.
मी चोपडीत मान घालून
पस्तीस लिहीत होतो,
सावकाश.