अंगण वाकडं

कॅसलफर्डमधल्या आमच्या या हॉलची जमीन
खरोखरच वाकडी आहे, आधीच सांगून ठेवते.
खाली कोळशाची खाण होती. ती बंद पडली
आणि वरचं सगळं हळूहळू खचत गेलं.
चहाच्या टेबलावरून सुटलेलं संत्रं
घरंगळत थेट पियानोपाशी जातं,
त्याला कुणी अडवत नाही.

म्हणजे आपली म्हण इथे कामाची नाही.
नाचता येत नाही, कबूल.
अंगण वाकडं, तेही कबूल.
दोन्ही कबूल केल्यावर
बुधवारी साडेदहाला उरतं काय?
नाचणं.

मी आले ती ह्यांच्यासाठी.
ह्यांचा हात दोन वर्षं थरथरतोय,
आणि पाय दाराशी आला की अडतो.
उंबरा नसलेल्या घरात ह्यांना उंबरा लागतो.
मी मागे उभी, पिशवी धरून, "चला ना, चला ना."
जन्मभर वॉर्डात दुसऱ्यांना चालवलं
आणि घरचा माणूस हलेना.
डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.
ग्लेनिसने विचारलं, "ह्यांना गाणं कुठलं आवडतं?"

ग्लेनिस हार्डकॅसल, वय त्र्याहत्तर,
पूर्वी शाळेत मुलांना जेवण वाढायची.
आवाज अजून तोच, शेवटच्या बाकापर्यंत वाटाणे पोचवणारा:
"डावा! अहो, दुसरा डावा!"

रेग येतो, छातीत खाणीची धूळ घेऊन,
दोन गिरक्या आणि खुर्ची, दोन गिरक्या आणि खुर्ची.
हालिना येते, नवरा गेल्यापासून
पहिल्यांदाच लिपस्टिक लावलेली, थोडी ओठांबाहेर.
शिलान येते बाळाला पाठीशी बांधून.
इथे ते छान झोपतं, म्हणून येते, म्हणाली.
खोटं. बाळ टक्क जागं असतं.

एकदा ग्लेनिस म्हणाली, आज तू शिकव.
मला काय येतं? शाळेतलं लेझीम, तेही अर्धं विसरलेलं,
आणि लेझीम इथे कुठून आणू?
मग सगळ्यांनी किल्ल्यांचे जुडगे काढले,
घरांच्या, गाड्यांच्या,
रेगची एक तर कुठल्या कुलपाची त्यालाच ठाऊक नाही.
एक दोन तीन, वाका, चार.
वीस म्हातारेकोतारे छन छन करत
उतारावरून पियानोकडे सरकले,
आणि मी वळून बघते तर
हे दार ओलांडून आत.
एक दोन तीन, जरासं वाकून,
चार.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत ते बरं झालं.
हे लाजून तिथेच थांबले असते.

बरे झाले का? नाही.
हा आजार बरा होत नाही, नर्सला कशाला सांगता.
आमटी अजून चमच्यातून सांडते.
पण आता कुठे अडले की
मी खिशातल्या किल्ल्या वाजवते,
औषधांच्या दुकानात, बसच्या दाराशी.
लोक बघतात. बघू देत.

आणि क्लिफ, शेजारच्या,
तू दर बुधवारी कुंपण कातरत
"पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणतोस.
कुंपण आता गुडघ्याएवढं उरलंय रे.
पुढच्या आठवड्यात काय कातरणार?
डब्यात एक पौंड टाक, नसला तर नको टाकू.
बूट कुठलेही चालतात.
किल्ल्या मात्र आण.