बावीस, तेवीस, चोवीस

मच्छिंद्री झाली की शाळेला सुट्टी
आणि सुट्टीचा निरोप हजेरीच्या क्रमानं पळायचा.
इंगवले सरांची युक्ती ती.
एकानं दोनला सांगायचं, दोननं तीनला,
चिखलातनं, सायकलवरनं,
नाहीतर बोळाच्या तोंडाशी उभं राहून नुसती हाळी.
दहावी ब. चौपन्न जण.
एक्केचाळीसपासून मुली; निरोप तिथं पोचला
की मुलं उगाच आणखी दोन घरं सोबत जायची.

बेचाळीस वर्षं झाली. साखळी काही सुटली नाही.
आता फोन. मच्छिंद्रीला तर असतोच,
शिवाय कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचा बायपास.
नसीम बागवानला नात झाली ती बातमी
एका संध्याकाळी एकपासून चौपन्नपर्यंत गेली,
आणि चौपन्नच्या हौसा यमगरनं
फिरून एकलाच विचारलं, "नाव काय ठेवलं रे?"

माझा नंबर बावीस. पसारे.
मग पाटणे जयकुमार. मग पाडळकर हिंदुराव.

हिंदुरावचं आणि माझं उद्यमनगरात शेड होतं.
एक लेथ, पाटीवर दोघांची नावं.
एका सालच्या हिशोबात अकरा हजार कमी पडले.
कुठं गेले ते मला अजून ठाऊक नाही.
लेथ विकली. पाटी उतरवली.
एकोणीस वर्षं बोललो नाही.

अडलं कुठंच नाही. मला तेवीसलाच तर सांगायचं असायचं.
जयाचं लक्ष्मीपुरीत दोरी-सुतळीचं दुकान.
फोन मानेत धरून, गाठ आवळता आवळता म्हणायचा,
"चोवीस विचारत होता तुला. बीपीची गोळी घेतोस का म्हणून."
मी म्हणायचो, बरं.
आणि गुऱ्हाळं सुरू झाली की काकवीची बाटली:
"हिंदुरावनं दिलीय. घरच्या उसाची."
परत पाठवली नाही. आभारही नाही मानले.
भाकरीबरोबर खाल्ली.

वैशाखात जया गेला.
दुकानातच, दुपारी, सुतळीचा गुंडा मांडीवर.
घाटावर हिंदुराव पलीकडच्या बाजूला उभा होता.
वारा फिरला, धूर अंगावर आला,
तेव्हा दोघंही एकदम मागं सरलो. तेवढंच.

काल रात्री साडेदहाला एकवीसचा फोन:
"मच्छिंद्री झाली."
सवयीनं तेवीसला लावला.
बंद.
मग बसून राहिलो हातात फोन घेऊन.
चोवीसचा नंबर माझ्याकडं नव्हता;
जुन्या डायरीत होता तो सहा आकडी, शेडचा.
शेवटी जयाच्या पोराकडून घेतला.

"हिंदुराव, बावीस बोलतोय. मच्छिंद्री झाली."
पलीकडं पत्र्यावरचा पाऊस.
"कळलं," म्हणाला.
मी ठेवणार, तेवढ्यात:
"तू दर खेपेला माझ्या गुडघ्याचं विचारायचास.
जया सांगायचा. बरं वाटायचं, लेका."

मी कधीच विचारलं नव्हतं. एकदाही नाही.
फडताळात बाटली होती, तळाशी दोन बोटं काकवी.
"तुझा तो ऊस—" मी म्हणालो.
"कसला ऊस? रान विकून बारा वर्षं झाली की."

मला जयाची मान दिसली,
फोन धरून धरून एका बाजूला कललेली,
आणि दोन्ही हात दोरीत.

हिंदुरावही गप्प. त्याला काय दिसलं, माहीत नाही.
मी घसा खाकरला.
"गुडघा कसा हाय?"

त्यानं डाव्यापासून सुरुवात केली.
जिना, डॉक्टर, कोणतं तरी तेल.
मग मध्येच थांबला:
"थांब, आधी पंचवीसला लावतो. पिष्टे लवकर झोपतोय.
मग करतो तुला."

बायको म्हणाली, दिवा बंद करा आता.
म्हटलं, असू दे जरा.